मंदीतली मदत : जुन्या मागाला की नव्या कारखान्याला?

नोव्हेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेच्या पत्रिकेत भारत पहिल्यांदाच ‘तांत्रिक मंदी’त, म्हणजे सलग दोन तिमाह्यांच्या घटीत, शिरत असल्याचा अंदाज छापून आला. एप्रिल ते जून या तिमाहीत अर्थव्यवस्था जवळपास २४ टक्क्यांनी आकसल्याचे सरकारी आकडे तोवर आले होते. त्याच नोव्हेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी दहा उद्योगक्षेत्रांना उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन, म्हणजे पीएलआय, मंजूर केलं. त्याआधी मे महिन्यात लघुउद्योगांसाठी तीन लाख कोटी रुपयांच्या कर्जहमीची योजना आली होती. मे महिन्यातली मदत अडकलेल्यांना तगवायला होती, नोव्हेंबरातली उद्या वाढू शकतील अशांना बळ द्यायला. तिजोरी मात्र एकच. मग ओढाताणीच्या दिवसांत पहिला रुपया कुणाला?

हा वाद तेव्हापासून कितीतरी घरांत झाला आहे. इथे तो एका मामा-भाचीच्या तोंडी घातला आहे. मामा इचलकरंजीचे, चोवीस साध्या मागांचे मालक. मालक म्हणायचं, पण सूत त्यांचं नाही आणि कापडही त्यांचं नाही. ते खर्चीवाले : व्यापारी उभ्या सुताचं बीम आणि आडवं सूत देतो, मामा विणून देतात आणि त्याची मजुरी घेतात. भाची पुण्यात राहते, चाकणला विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नियोजनाचं काम बघते. दोघांचं पोट उद्योगावर आहे आणि दोघांच्या उद्योगांना सरकारी मदत मिळते, त्यामुळे दोघांपैकी कुणीही हे पुस्तकातून बोलत नाही.

भाचीचं म्हणणं सरळ आहे. “मामा, साधा माग मिनिटाला शे-दीडशे पिकं, म्हणजे आडवे धागे, टाकतो. एअरजेट माग सहाशे-आठशे टाकतो, कापडात दोष कमी, माणूसही कमी लागतो. हे अंतर मंदीने आणलेलं नाही, ते आधीपासून होतं. मंदी आली की ते झाकता येत नाही एवढंच. अशा वेळी सरकारने साध्या मागाच्या विजेला पैसे द्यायचे म्हणजे जे काम दहा वर्षांनी जाणारच आहे ते बारा वर्षांनी जाईल, एवढीच सोय. तोच पैसा बॅटरीला, मोटरला, नव्या यंत्रांना दिला तर मंदी संपेल तेव्हा हातात काहीतरी उरेल.”

“आणि ती दहा-बारा वर्षं माणसांनी काय खायचं?” मामा विचारतात. “टाळेबंदीत माझे माग बंद होते. बीम तसंच मागावर चढवलेलं, कापड अर्धं विणलेलं. यूपी-बिहारचे कामगार गेले, कांडीवाला बसून होता. त्यात पावसाळा आला. खळ लावलेलं सूत दमटलं, त्याला वास यायला लागला. पुन्हा माग सुरू केला तेव्हा दर चार हातांवर तार तुटायची. तोट्याचं ते कापड व्यापाऱ्याने माझ्याच मजुरीतून कापून घेतलं. विजेच्या बिलातला स्थिर आकार तीन महिने पुढे ढकलला होता, माफ नव्हता केला. तोही भरला. अगं, मी त्या वर्षी आजारी नव्हतो. माझं रोखीचं चक्र थांबलं होतं. आजारी आणि थांबलेला यात तुम्ही पुण्यात बसून फरक करणार आहात की नाही?”

फरक खरा आहे आणि मंदीत तो ओळखणं सगळ्यात अवघड असतं. गिऱ्हाईक काही महिन्यांनी परत येणार असेल तर मधले महिने पार करून देणं शहाणपणाचं, कारण एकदा बसलेली घडी पुन्हा बसवायला मदतीपेक्षा जास्त खर्च येतो. गिऱ्हाईक कायमचं दुसरीकडे गेलं असेल तर तीच मदत खड्ड्यात जाते. पण मंदीच्या ऐन मध्यात दोन्ही कारखान्यांचे ताळेबंद सारखेच दिसतात.

भाचीकडे यावर मुंबईचं उदाहरण आहे, आणि ते महाराष्ट्रात कुणालाही टाळता येणार नाही. १९७४ मध्ये केंद्राने कायदा करून देशभरातल्या १०३ आजारी कापड गिरण्या ताब्यात घेतल्या आणि राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे सोपवल्या. कामगारांची नोकरी वाचवणं हा हेतू, आणि तो प्रामाणिक होता. पुढची कित्येक वर्षं सरकारचा पैसा मुख्यतः तोटा भरण्यात गेला. यंत्रं बदलायला पुरेसा पैसा वेळेवर आला नाही. जे थोडं आधुनिकीकरण झालं तेही उशिरा, आणि गिरण्यांच्या जमिनी विकून. मार्च २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या चालू असलेल्या २३ गिरण्या थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. त्यात मुंबईची टाटा मिल आहे, पोदार मिल आहे, अमरावती जिल्ह्यातली अचलपूरची फिनले मिलही आहे.

“सेहेचाळीस वर्षं, मामा. इतकी वर्षं पैसा घालून शेवटी कामगाराच्या हातात काय पडलं? अर्धा पगार आणि कोर्टाच्या तारखा. तेव्हाच गिरणी बंद करून त्याला नीट भरपाई दिली असती, मुलांच्या शिक्षणाची सोय केली असती, तर ते जास्त माणुसकीचं नसतं का?”

मामा गप्प बसणारे नाहीत. “गिरण्या बुडाल्या त्या मदत दिली म्हणून नाही, मदतीला अट नव्हती म्हणून. आणि तुला आणखी एक सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. ते कापड कुठेतरी विणलं जायलाच हवं होतं. ते भिवंडीला गेलं, मालेगावला गेलं, आमच्या गावात आलं. माझ्या वडिलांनी नंतरचे माग त्याच काळात टाकले.”

“म्हणजे मीच जिंकले की,” भाची म्हणते. “सरकारने मुंबईच्या गिरण्या टिकवण्यात पैसा घातला आणि धंदा तुमच्याकडे चालून आला. तुम्ही तेव्हाचे वाढते उद्योग होतात.”

इथे दोघांच्याही हिशेबातून सुटलेलं एक प्रकरण मध्ये घालावं लागेल. यंत्रमाग वाढला तो केवळ स्वतःच्या बळावर नाही. हातमागाला वाचवण्यासाठी १९५३ मध्ये गिरणीच्या कापडावर उपकर बसवला गेला, १९५६ च्या सुमाराला गिरण्यांच्या मागांची संख्या गोठवली गेली. उद्देश हा की गिरणीने सोडलेली जागा हातमागवाल्याने घ्यावी. ती घेतली यंत्रमागाने, कारण तो गिरणीपेक्षा स्वस्त आणि हातमागापेक्षा वेगवान होता, आणि विखुरलेल्या लहान शेडवर गिरणीइतका कर नव्हता. बुडत्यासाठी बांधलेला बांध तिसऱ्याच्याच शेताला पाणी देऊन गेला. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, नारायणराव घोरपडे यांच्यासारख्या जहागीरदाराचं पाठबळ गावाला मिळालं, हे सगळं खरंच. पण गावात लाखभर माग उभे राहिले त्यात दिल्लीतल्या या निर्णयांचा वाटा मोठा आहे. जुन्याला दिलेली मदत आणि नव्याला मिळालेली चालना यांच्यात भिंत नसते, हे वस्त्रोद्योगाच्या इतिहासाने फार आधीच दाखवलं आहे. धोरण आखणाऱ्यांनी ते लक्षात ठेवलं नाही, हे दुर्दैव.

मामा आता भाचीच्या अंगणात शिरतात. “तुमचं पीएलआय काय आहे ते मला आमच्या संघटनेच्या बैठकीत समजावून सांगितलं होतं. २०२१ मध्ये कापडासाठी १०,६८३ कोटी जाहीर झाले. आम्ही खूश झालो. मग कळलं, कमीत कमी गुंतवणूक एका गटात ३०० कोटी, दुसऱ्यात १०० कोटी. आणि कापड कुठलं? मानवनिर्मित धाग्याचं आणि तांत्रिक वापराचं. आमचं गाव सुती. माझे चोवीस माग, शेड, शेडखालची जमीन, घर, बायकोचे दागिने, सगळं विकलं तरी शंभर कोटीच्या शेपटीलाही हात लागायचा नाही.”

भाची हे नाकारत नाही. तिचा मुद्दा वेगळा आहे : जगात आज कपड्यांची मोठी मागणी कृत्रिम धाग्याची आहे, भारत त्यात मागे राहिला, आणि बांगलादेश-व्हिएतनामशी टक्कर द्यायची तर मोठे कारखाने लागतात. लहान लहान हजार ठिकाणी वाटलेला पैसा दिसेनासा होतो. ती मोबाइलचं उदाहरण देते. २०२०-२१ पासून मोबाइल बनवणाऱ्यांना वाढीव विक्रीवर चार ते सहा टक्के प्रोत्साहन मिळू लागलं. २०२४-२५ मध्ये भारतातून दोन लाख कोटी रुपयांचे मोबाइल निर्यात झाले. दहा वर्षांपूर्वी हा आकडा दीड हजार कोटींच्या आसपास होता. “आणि यात उधळपट्टी नाही, मामा. पैसे आधी मिळत नाहीत. कारखाना उभा करा, माल विका, हिशेब द्या, मग मिळतात. सगळ्या क्षेत्रांसाठी मिळून १ लाख ९७ हजार कोटींची तरतूद होती, त्यातले २०२५ च्या मध्यापर्यंत साधारण साडेएकवीस हजार कोटीच वाटले गेले. ज्याने काम केलं नाही त्याला मिळाले नाहीत.”

“सुटे भाग बाहेरून आणून जोडले की तेही विकणंच,” मामा म्हणतात. २०२३ मध्ये अर्थतज्ज्ञ रघुराम राजन यांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता : निर्यात मोजताना सुट्या भागांची आयातही मोजा. त्यावर सरकारने उत्तर दिलं, अर्थतज्ज्ञांमध्ये बराच खल झाला. पण मामांचा पुढचा प्रश्न जास्त धारदार आहे. “तू म्हणतेस विकल्यावर पैसे मिळतात. मग मंदीत त्याचा काय उपयोग? मंदी म्हणजेच माल विकला जात नाही. २०२० चा कामगार २०२४ च्या प्रोत्साहनावर जेवणार कसा?”

या सगळ्या वादातला हा सर्वात बळकट मुद्दा आहे, आणि तो वरचेवर बोलला जात नाही. वाढत्या उद्योगाला दिलेली मदत मंदीवरचा उपाय म्हणून विकली जाते, पण जागा घ्या, परवाने काढा, यंत्रं मागवा, हे करता करता मंदी ओसरलेली असते. ती मदत चुकीची ठरते असं नाही. तिचं काम वेगळं आहे, आणि मंदीच्या नावावर ती मांडली की दोन्ही हिशेब बिघडतात.

यावर भाची अमेरिका काढते, आणि मामांना तेच हवं असतं. अमेरिकेने २००९ मध्ये दोन्ही गोष्टी एकदमच करून पाहिल्या. जनरल मोटर्स आणि क्रायस्लर बुडत होत्या. वाहन उद्योगाला सरकारने सुमारे ८० अब्ज डॉलर दिले. पण अटी कडक होत्या. जनरल मोटर्सच्या प्रमुखाला मार्च २००९ मध्ये जावं लागलं, कंपनीला १ जूनला दिवाळखोरीतून जावं लागलं, पॉन्टिअॅक, सॅटर्न, हमर ही नावं बंद झाली. शेवटी सरकारला साधारण नऊ अब्ज डॉलरचा फटका बसला, कंपन्या उभ्या राहिल्या. त्याच वर्षी सौर पॅनेल बनवणाऱ्या सोलिंड्रा या नव्या कंपनीला ५३.५ कोटी डॉलरची कर्जहमी मिळाली. २०११ मध्ये ती बुडाली. आणि जानेवारी २०१० मध्ये टेस्लाला ४६.५ कोटी डॉलर कर्ज मिळालं, ते तिने २०१३ मध्येच मुदतीच्या कितीतरी आधी फेडून टाकलं.

“बघ, जुनी वाचली, नवी एक बुडाली,” मामा म्हणतात.

“आणि दुसरी नवी जगभर गेली. मात्र विस्कॉन्सिनमधला जनरल मोटर्सचा जेन्सव्हिलचा कारखाना कंपनीला पैसे मिळूनही वाचला नाही. डिसेंबर २००८ मध्ये बंद झाला तो झालाच. कंपनी वाचली म्हणजे गाव वाचलं असं नसतं, मामा. हे तुमच्यासाठी सांगतेय.”

मग मदत कंपनीऐवजी माणसालाच का देऊ नये? जर्मनीने २००९ मध्ये तेच केलं. तिथली कुर्त्सआर्बाइट नावाची पद्धत जुनी आहे : कारखान्याने माणूस काढायचा नाही, कामाचे तास कमी करायचे, आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, मुलं असतील तर ६७ टक्के, सरकारी विम्यातून मिळतात. त्या वर्षी जर्मनीचं उत्पन्न सुमारे पाच टक्क्यांनी घसरलं, दहा लाखांहून जास्त कामगार कमी तासांवर होते, तरी बेकारी फारशी वाढली नाही. उद्योग जुना की नवा हे ठरवण्याची गरजच पडली नाही. मागणी परत आली तेव्हा हात कारखान्यातच होते.

भारतात २०२० साली याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा आणि कामगाराचा वाटा काही महिने सरकारने भरला ती सवलत. पण ती निधीचं खातं असलेल्यांनाच. साध्या मागावरचा कामगार पिकावर आणि मीटरवर मजुरी घेतो. बावन्न पिकाच्या कापडाला मीटरमागे किती पैसे, यावर दरवर्षी घासाघीस होते. त्याचं नाव दिवाणजीच्या वहीत असतं, निधीच्या कार्यालयात नसतं.

कर्जहमीच्या योजनेतही हेच झालं. तिने मोठं काम केलं, हे आधी मान्य करायला हवं. स्टेट बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी जानेवारी २०२२ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार तिच्यामुळे साडेतेरा लाख खाती बुडण्यापासून वाचली. तारण नको, वर्षभर मुद्दलाचा हप्ता नाही, हमी पूर्ण सरकारची. पण रक्कम ठरली होती २९ फेब्रुवारी २०२० ला असलेल्या कर्जाच्या २० टक्के. ज्याचं बँकेत कर्जच नव्हतं, ज्याने पतसंस्थेकडून किंवा व्यापाऱ्याकडून उचल घेऊन धंदा चालवला, त्याचे २० टक्के म्हणजे शून्य.

“माझं तेच झालं,” मामा म्हणतात. “मी बुडालेला नव्हतो म्हणून आजारी उद्योगात नाही. शंभर कोटी नाहीत म्हणून वाढत्या उद्योगात नाही. बँकेचं कर्ज नाही म्हणून लघुउद्योगातही नाही. मला मिळते ती फक्त विजेची सवलत.”

ही सवलत राज्य सरकारची. २७ अश्वशक्तीपेक्षा कमी जोडभाराच्या यंत्रमागांना युनिटमागे आणखी एक रुपया, त्याहून मोठ्यांना ७५ पैसे, असा निर्णय अलीकडे झाला. भाचीचा खरा आक्षेप यावर आहे, आणि इथे प्रस्तुत लेखकाचं मत तिच्या बाजूने झुकतं. विजेची सवलत जितके युनिट जाळाल तितकी मिळते. माग बंद पडला की ती थांबते, म्हणजे माणसाला हाताला काम नसतं तेव्हाच ती नसते. माग बदलायलाही ती मदत करत नाही, उलट जुना माग चालू ठेवणं थोडं परवडेल एवढं बघते. याउलट १९९९ मध्ये सुरू झालेल्या तंत्रज्ञान उन्नयन निधीतून नव्या यंत्राच्या कर्जावर पाच टक्के व्याज परत मिळायचं, आणि इचलकरंजीत आज दिसणारे कितीतरी शटललेस माग त्यातून आले. लहान मालकांसाठी २०१७ मध्ये साध्या मागालाच सुधारणा बसवण्याची योजनाही आली, आठपर्यंत माग असलेल्यांना, अर्धा खर्च सरकारचा. मामा तिच्यात बसत नव्हते. चोवीस माग म्हणजे त्या योजनेत मोठे.

“मग काय करायचं म्हणतेस? माग भंगारात घालू?”

“भरपाई घेऊन घालाल का?” भाची विचारते. ही कल्पना तिने हवेतून काढलेली नाही. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, आणि खुद्द मँचेस्टरच्या लँकेशायरमध्ये हे झालं आहे. ब्रिटनने १९५९ मध्ये कापूस उद्योगाचा कायदा केला. जास्तीच्या चात्या आणि माग भंगारात घालणाऱ्याला सरकारने भरपाई दिली, नवी यंत्रं घेणाऱ्याला खर्चाचा चौथा हिस्सा दिला, आणि काम गेलेल्या कामगारांच्या भरपाईसाठी उद्योगावरच वर्गणी बसवली. जवळपास निम्म्या चात्या आणि ४० टक्क्यांच्या आसपास माग भंगारात गेले.

“आणि पुढे? लँकेशायर वाचलं?”

“नाही. बाहेरचं स्वस्त कापड येतच राहिलं, पुढच्या वीस वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद झाल्या. पण माणसं रिकाम्या हाताने बाहेर पडली नाहीत, आणि सरकारचा पैसा सेहेचाळीस वर्षं वाहत राहिला नाही.”

मामा बराच वेळ आकडेमोड करतात. चोवीसपैकी बारा माग द्यायला ते तयार होतात, पण त्यांच्या अटी आहेत. भरपाई भंगाराच्या भावाने नको, मागाच्या कमाईवर हवी. उरलेल्या शेडमध्ये चार रॅपियर माग बसवायला कर्ज पतसंस्थेमार्फतही मिळावं. आणि हे मंदी येण्याआधी ठरलेलं असावं. मंदीत अर्ज मागवले की ज्याच्याकडे सनदी लेखापाल आहे त्याचाच नंबर लागतो.

भाची तिची अट घालते : कामगाराचा वाटा मालकाच्या हातात द्यायचा नाही, थेट त्याच्या खात्यात.

“थेट द्या. पण कुणाला देणार? माझ्याकडे सहा महिने काम करतो, मग भिवंडीला जातो, छठला घरी जातो.”

ऑगस्ट २०२१ पासून असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी सुरू आहे आणि तीस कोटींहून जास्त नावं तिच्यात आली आहेत. भाची म्हणते, तोच क्रमांक धरा. मामा म्हणतात, त्या कार्डावर धंदा लिहिलेला आहे, पण कुठल्या शेडमध्ये किती महिने विणलं हे नाही. ते फक्त वहीत आहे. मग वहीतल्या हजेरीला तो क्रमांक जोडायचा, दर महिन्याला, आणि ज्या मालकाने जोडला त्यालाच विजेचा तो जादा रुपया द्यायचा, असं भाची सुचवते. मामांना त्यात कारकुनी वाढलेली दिसते. दिवाणजीला विचारून सांगतो, असं म्हणतात.